मत लपवू नकोस, पण एसओपीत प्रश्न मांड

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एमए करते आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह राजकीय विचारावर अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात पीएचडी करायची आहे. तिथे सामाजिक न्यायाच्या विरोधात बोलणाऱ्यांना कुणी उभं करत नाही, असं सगळे सांगतात. एसओपीत (प्रवेश अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) मतं लपवू का? मसुदा जोडला आहे.

उत्तर : लपवू नकोस. मत लपवून मिळवलेल्या जागी पाच-सहा वर्षं काढणं फार जड जातं. पण 'सामाजिक न्यायाच्या आग्रहाने विद्यापीठांचं वाटोळं केलं' हे मसुद्यातलं पहिलंच वाक्य काढून टाक. त्यात मत आहे, संशोधन नाही. तू कोणता प्रश्न घेऊन येतेस, हे प्रवेश समितीला पाहायचं असतं.

तू मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या अर्थतज्ज्ञ हायेकचा आधार घेतला आहेस, तर तिथेच जरा खोल जा. बाजारात कुणाच्या वाट्याला काय येईल हे कुणी एकाने ठरवलेलं नसतं, म्हणून त्या वाटणीला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणण्यात अर्थच नाही, हा त्याचा १९७६ मधल्या पुस्तकातला युक्तिवाद. पण ज्यांना बाजारात कमावता येत नाही त्यांना सरकारने किमान उत्पन्न द्यावं, असंही तो म्हणतो. शिवाय सामाजिक न्यायाची बाजू मांडणारा तत्त्वज्ञ रॉल्स याच्याशी आपला मतभेद बराचसा शाब्दिक आहे, असं त्याच पुस्तकात लिहितो! आणि तू रॉल्सला दोन ओळींत निकालात काढलंस. सामाजिक न्याय नाकारणारा माणूस किमान उत्पन्न कशाच्या आधारावर मान्य करतो? हा खरा पीएचडीचा विषय आहे. मात्र त्यासाठी रॉल्सची बाजू इतकी चोख मांडावी लागेल की त्याच्या समर्थकालाही त्यात खोट काढता येऊ नये.

भीतीबद्दल सांगायचं तर, अमेरिकी राज्यघटनेची अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी पहिली दुरुस्ती सरकारी विद्यापीठांवर थेट बंधनकारक आहे, खासगी विद्यापीठांवर नाही. नुसत्या मतासाठी सरकारी विद्यापीठं तुला शिक्षा करू शकत नाहीत. वारंही एकाच दिशेचं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली. टेक्सासने जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली डीईआय (विविधता, समन्याय आणि समावेशन) कार्यालयं कायद्याने बंद केली. ॲरिझोना स्टेट आणि फ्लोरिडा विद्यापीठात नागरी व राजकीय विचारांच्या अभ्यासासाठी नवे विभाग राज्य विधिमंडळाच्या पैशांवर उभे राहिले आहेत. तिथे नोकऱ्या निघतात, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस. राज्यातलं राजकारण फिरलं तर निधीही आटू शकतो. राजकीय सिद्धांतात जागा मुळातच कमी असतात, म्हणून सोबत घटनात्मक कायदा किंवा संख्याशास्त्र पक्कं कर.

सर्वांत जास्त वेळ मार्गदर्शक निवडण्यात घाल. तो तुझ्या मताचा असायलाच हवा असं नाही. त्याच्या हाताखाली वेगळ्या मतांच्या विद्यार्थ्यांनी पीएचडी पूर्ण केली आहे का, ते त्यांना ईमेल करून विचार. बऱ्याच विभागांची अर्जाची मुदत डिसेंबरात संपते, त्यामुळे ही विचारपूस सप्टेंबरातच उरकून घे आणि नवा मसुदा मला पाठव.