तीस दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे?

नागपुरातील एका वाचकाने आपल्या चिखलदऱ्याच्या घरातील जुन्या फायरप्लेसमध्ये बसवण्यासाठी लाकडावर चालणारी एक वापरलेली लोखंडी शेगडी, जिला विक्रेते ‘इन्सर्ट’ म्हणतात, मे २०२५ मध्ये मुंबईच्या विक्रेत्याकडून ८५ हजार रुपयांना घेतली. ऑक्टोबरमध्ये गवंड्याने ती भिंतीत बसवली. २० डिसेंबरला ती पहिल्यांदा पेटवली, तेव्हा आतल्या फायरब्रिकचा (उष्णता झेलणाऱ्या विटांचा) भुगा पडतो आहे, वरची बॅफल प्लेट (ज्वाळा व धूर अडवणारी आडवी पत्री) वाकली आहे आणि दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी झिजल्याने दार घट्ट बसत नाही, हे लक्षात आले. विक्रेता फोनवर सांगतो की तीस दिवसांची मुदत जूनमध्येच संपली. आता भाग स्वखर्चाने बदलून खर्च मागावा की शेगडी परत करून पैसे मागावेत, असा त्यांचा प्रश्न आहे. जुना कूलर, जुना जनरेटर, जुना इन्व्हर्टर यांबाबत असेच प्रश्न दर महिन्याला येतात, म्हणून त्यांना ९ जानेवारीलाच ई-मेलने पाठवलेले उत्तर येथे देत आहे.

तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे छापले आहे, ते तुम्ही वाचलेले दिसत नाही आणि विक्रेत्यानेही बहुधा विसरले आहे. ‘आतील विटा, प्लेट व जाळी यांत दोष आढळल्यास प्रथम पेटवल्यापासून ३० दिवसांत लेखी कळविल्यास भाग बदलून दिले जातील, दाराची दोरी व काच वगळून’, असे ते वाक्य आहे. माल ताब्यात घेतल्यापासून असे त्यात कोठेही नाही. तुमचे सगळे प्रकरण या एका ओळीवर उभे आहे. मजकूर विक्रेत्याचा असल्यामुळे त्यात संदिग्धता निघाली तरी तिचा अर्थ सहसा त्याच्याविरुद्ध लावला जातो.

२० डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस १८ जानेवारीला येतो आणि त्या दिवशी रविवार आहे. पहिला दिवस वगळून मोजावे, असा युक्तिवाद करता येतो, पण तो करण्याची वेळ स्वतःवर आणू नका. ‘कळविल्यास’ म्हणजे पत्र टाकल्यावर की हाती पडल्यावर, यावरही वाद होऊ शकतो. म्हणून पत्र शनिवार १७ तारखेपर्यंत मुंबईत पोहोचले पाहिजे. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि तेच पत्र बिलावरील ई-मेल पत्त्यावरही पाठवा. त्यासाठी वकिलाची गरज नाही. बिलाचा क्रमांक, पहिल्यांदा पेटवल्याची तारीख, कोणत्या भागात नेमका काय दोष आहे, भाग बदलून देण्याची मागणी आणि विक्रेत्याने येऊन पाहणी करावी यासाठी पंधरा दिवसांची मुदत, एवढे पुरे आहे.

आतापर्यंत तुम्ही काय केले? तीन फोन केले आणि व्हॉट्सॲपवर वाकलेल्या प्लेटचा फोटो पाठवून खाली ‘बघा ना भाऊ’ असे लिहिले. त्याला लेखी सूचना म्हणता येईल का, याचे उत्तर मी ठामपणे देणार नाही. देणारा एखादा वकील सापडेल, पण निकाल देणारा तो नसतो. मुदत चुकलीच, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २८ चा आधार शोधता येतो, कारण ठरावीक काळ उलटताच पक्षकाराचा हक्कच संपवून त्याला दाद मागण्यापासून रोखणारी अट त्या कलमानुसार निरर्थक ठरते. परंतु हमीसाठी घातलेली सूचनेची अट त्या कलमात बसते की नाही, हे ठरायला तारखांवर तारखा जातील. त्यापेक्षा या आठवड्यात पोस्टात जाणे सोपे आहे.

पहिल्यांदा कधी पेटवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. गवंड्याचे ऑक्टोबरचे बिल त्यासाठी सर्वांत मोलाचे आहे, कारण धुराड्याला जोडण्यापूर्वी ही शेगडी पेटवणे शक्यच नव्हते. २० डिसेंबरचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावे लागणारे प्रमाणपत्र जोडताना मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता भाग बदलण्याविषयी. पाहणी होईपर्यंत एकही भाग बदलू नका, आठशे रुपयांची दोरीसुद्धा नाही. दोरी झिजली की दाराच्या फटीतून नको तितकी हवा आत जाते, आग आवरत नाही आणि अति तापून प्लेट वाकते. विक्रेत्याचा वकील हेच सांगेल की दोरी हमीबाहेर होती, ती तुम्ही बदलली नाही आणि प्लेट तुमच्याच वापराने वाकली. त्याला उत्तर देण्यासाठी सगळे भाग आहे त्या स्थितीत हवेत: दार लावताना कागदाची पट्टी अडकवून ती सहज ओढून निघते, याचा व्हिडिओ, विटांच्या भेगांचे जवळून घेतलेले फोटो आणि प्लेटवर पट्टी आडवी धरून दिसणारा बाक. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेले आणि त्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ खाली तपासणीचा आदेश दिला, तर प्रयोगशाळेत पाठवायला वस्तू शिल्लक असली पाहिजे. विक्रेता पंधरा दिवसांत आला नाही, तर स्वतंत्र तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल घ्या, मग भाग बदला आणि काढलेले भाग खूण करून जपून ठेवा. तोपर्यंत शेगडी पेटवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका बिलावरच्या कोणत्याही अटीपेक्षा मोठा आहे.

पैसे परत मिळण्याची आशा मला फारशी दिसत नाही. शेगडी भिंतीत चिणून घेणे हे माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारल्याचे लक्षण मानले जाण्याची दाट शक्यता आहे आणि माल स्वीकारल्यावर कलम १३ नुसार सहसा नुकसानभरपाईच उरते. बिलावरच्या ‘पाहून घेतले’ या शेऱ्याला मात्र घाबरू नका. पाहणीत दिसायला हवे होते तेवढ्याच दोषांना तो लागू होतो आणि बॅफल प्लेट आत हात घालून चाचपल्याशिवाय कळत नाही.

तक्रार करावीच लागली तर ‘न्यायक्षेत्र मुंबई’ असे बिलावर छापलेले असूनही, ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ मुळे ती तुम्ही राहता त्या नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावली गेली नाही, सदस्य हजर नाहीत, समोरच्याने वेळ मागितला, अशा कारणांनी किती काळ जातो हे तेथे खेटे घालणाऱ्यांना विचारा.

चिखलदऱ्याचे घर तुम्ही पर्यटकांना भाड्याने देता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. देत असाल, तर शेगडी व्यापारी हेतूने घेतली आणि म्हणून तुम्ही कलम २ (७) प्रमाणे ग्राहकच नाही, असा पहिलाच आक्षेप येईल. उपजीविकेसाठी स्वयंरोजगाराचा अपवाद तुम्हाला लागू होतो का, हे भाड्याच्या नोंदी पाहिल्यावरच सांगता येईल. त्या पाठवा, पण नोटीस पोस्टात टाकल्यानंतर.