मुलाला काय वाटतं, ते विचार

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संशोधनासाठी पालकत्व आणि मुलांचं मानसिक आरोग्य हा विषय निवडलास, मनापासून आनंद झाला. टिपणातलं ‘कडक पालकांची मुलं दुःखी असतात’ हे वाक्य मात्र इतक्या सरळ लिहू नकोस.

पालकांच्या शैलींचं (हुकूमशाही, ठाम पण समंजस, मोकळीक देणारी) जे वर्गीकरण तू वापरलं आहेस, ते मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात मांडलं. त्यांनी पाहिलेली कुटुंबं अमेरिकेतली, बहुतांश गोरी आणि मध्यमवर्गीय होती. वर्गीकरण उपयोगी आहे. पण सगळ्या जगाला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. चिनी वंशाच्या कुटुंबांबद्दल संशोधक रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये हाच आक्षेप घेतला. तिथल्या कडकपणामागे मुलासाठी झटणं असतं, आईची सतत सोबत असते. थंड हुकूमशाहीच्या रकान्यात तो बसत नाही.

आता दुसरी बाजू. ‘त्यांच्याकडे असंच चालतं’ म्हणून मारहाणीकडे काणाडोळा करणारे अभ्यासक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो. जेनिफर लान्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे मारणं सर्रास चालतं, तिथे मार आणि मुलांची आक्रमकता किंवा चिंता यांचा संबंध सौम्य दिसला. नाहीसा झाला नाही. लोक निष्कर्षाचा पहिलाच भाग सांगतात. तू दोन्ही सांग. एक सावधगिरी बाळग: एकाच वेळी गोळा केलेल्या माहितीवरून आधी काय घडलं ते कळत नाही. मारामुळे मूल आक्रमक होतं, तसं आक्रमक मूल मारही जास्त खातं. त्याच मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा भेटलं, तरच हा गुंता थोडा सुटतो.

माझं मत रोनाल्ड रोनर यांच्या कामाकडे झुकतं; पालकांची माया किंवा नकार मुलांना कसा घडवतो, याचा त्यांनी अभ्यास केला. माया दाखवायच्या रीती समाजागणिक वेगळ्या. कुणी जवळ घेतं, कुणी बोलून दाखवतं, कुणी शब्दही न काढता मुलासाठी राबतं. पण ‘मी यांना नकोसा आहे’ असं मुलाला वाटू लागलं, की राग, स्वतःला कमी लेखणं, जगावरचा अविश्वास या खुणा अगदी निरनिराळ्या समाजांत सापडतात. म्हणून तुझी प्रश्नावली फक्त पालकांनी भरून चालणार नाही. ‘आई तुला जवळ घेते का?’ एवढंच विचारलंस, तर न बोलता राबणारी आई उगाच नापास होईल. ‘तू त्यांना हवाहवासा आहेस असं तुला कशावरून कळतं?’ हे मुलालाच विचार, आणि त्याला उत्तर शोधायला वेळ दे.

पालकांची संमती घे, मुलाचा होकारही घे. शक्य तिथे त्याच्याशी एकट्याने बोल. एखाद्या मुलाने घरी जबर मार बसत असल्याचं सांगितलं, तर कुणाला कळवायचं आणि त्याला सुरक्षित कसं ठेवायचं, हे पहिल्या मुलाखतीआधीच ठरलेलं हवं. ते ठरेपर्यंत कुणाच्याही घरी जाऊ नकोस.

कळावे.