उत्तरपत्रिका तुमची, मग तुमच्यापासूनच गोपनीय कशी?

प्रश्न : एम.एस्सी.च्या एका विषयात 40 ऐवजी 36 गुण पडून मी नापास झाले. माझ्याच उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मागितली. ‘उत्तरपत्रिका गोपनीय आहे, फोटोकॉपीची मुदतही संपली आहे,’ असे विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याने कळवले. पत्र मिळून 12 दिवस झाले. आता काय करू?

उत्तर : आधी तारीख बघा. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील, म्हणजे विद्यापीठातल्याच वरिष्ठ अपिलीय अधिकाऱ्याकडे अर्ज, करायचे असते. तुमच्या हातात 18 दिवस आहेत. राज्य माहिती आयोगाकडे नुसती तक्रार करून थांबू नका. अनेक जण तेच करतात, पण तक्रारीतून दंड होऊ शकतो, कागद मिळत नाही. कागद अपिलातूनच मिळतो.

‘गोपनीय’ हा शेरा वाचून मला खरोखर वाईट वाटले. 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात हा वाद मिटवला आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचे नाव आणि सही मात्र झाकून देतात. त्यावर हट्ट धरू नका. फोटोकॉपीची मुदत संपली, हेही कारण चालणार नाही. ती विद्यापीठाची स्वतःची सोय आहे, माहिती अधिकार हा वेगळा मार्ग आहे. विद्यापीठाचा नियम माहिती अधिकार कायद्याच्या आड येत असेल तर कलम 22 प्रमाणे कायदाच वरचढ ठरतो. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कलम 19(5) नुसार त्या अधिकाऱ्याचीच आहे. अपिलात हे कलम जरूर लिहा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात, मग रद्दीत काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या याच निकालानुसार तुमचा हक्कही उत्तरपत्रिका जपण्याच्या मुदतीपुरताच आहे. म्हणून अपिलाची वाट न बघता उद्याच परीक्षा विभागाला पत्र द्या : ‘माझ्या अमुक बैठक क्रमांकाची उत्तरपत्रिका अपिलाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये.’ आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आणखी एक गोष्ट. प्रत मिळाली म्हणून गुण वाढत नाहीत. फेरमूल्यांकनाची मुदत अपिलासाठी थांबत नाही. ती अजून उघडी असेल तर तो अर्ज वेगळा भरा. प्रत हाती आली की आतल्या पानांवरचे गुण स्वतः मोजा आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. पुरवणी तपासली आहे का, तेही बघा. 4 गुणांचा प्रश्न अनेकदा तिथेच सुटतो.

प्रथम अपिलावर 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निर्णय यायला हवा. तो आला नाही किंवा विरोधात गेला, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करा. तेव्हा ती पोच सोबत जोडा.