घरखर्चासाठी लेखनस्पर्धा: सुरुवात करतेस तर

अगं, आधी एक सांगते. बक्षिसाच्या भरवशावर वाण्याचं बिल थकवू नकोस. आलं तर मुलांची फी, नाही आलं तरी घर चालतंय, असं धर. निकाल लांबतात आणि पैसे त्याहून उशिरा येतात.

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा दिवाळीच्या कितीतरी महिने आधी जाहीर होतात, म्हणून कथा आधीच लिहून ठेव. पाककृती, पत्रलेखन, घोषवाक्य यांना वेळ कमी लागतो. सुरुवात तिथून कर. पाककृतीत मीठ 'चवीनुसार' चालतं, 'थोडं बेसन' नाही. वाटी-चमच्याचं माप लिही.

नियम शेवटपर्यंत वाच, विशेषतः हक्कांची ओळ. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तुझ्या कथेचा पहिला हक्क तुझाच. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी हवं आणि त्यावर तुझी सही हवी. हक्क किती काळासाठी दिला ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. 'आलेलं सर्व साहित्य आमच्या मालकीचं' म्हणणाऱ्यांना चांगली कथा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. भरमसाट प्रवेशशुल्क मागणारे तर धंदाच करत असतात, त्यांचा.

पोस्टात वेगळं रजिस्टर मागू नकोस, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालंय. पावती जप. आणि कोणती कथा कुठे, कधी पाठवली ते वहीत टिपून ठेव. एकच कथा दोन अंकांत छापून आली, की संपादक ते नाव विसरत नाहीत.