४५ दिवसांचं पिल्लू पार्व्होने गेलं, विक्रेता पैसे देत नाही: काय करता येईल?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांनी इन्स्टाग्रामवर पाहून पुण्याजवळच्या एका विक्रेत्याकडून गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घेतलं. पिल्लाचे २२,००० रुपये आणि पोचवण्याचे ४,५००, सगळे यूपीआयने आगाऊ दिले. बिल मिळालं नाही. ४ मेच्या रात्री पिल्लू ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये चढवलं गेलं आणि ५ तारखेला सकाळी इंदूरच्या तीन इमली बस स्टँडवर आंब्याच्या पेटीतून यांच्या हातात आलं. ७ तारखेच्या रात्री उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी किटवर तपासून पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असल्याचं सांगितलं. ११ तारखेला पिल्लू गेलं. उपचाराला १४,६०० रुपये लागले. विक्रेता म्हणतो, ‘जिवंत प्राण्याची गॅरंटी नसते, नो रिफंड आधीच सांगितलं होतं. फार तर दुसरं पिल्लू देतो, भाडं तुमचं.’

ताई विचारतात: पैसे मिळतील का? त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागतील का? दुसरं पिल्लू घ्यावं का? आणि देवासला राहणाऱ्या जाऊबाईही असंच पिल्लू मागवणार आहेत, त्यांनी काय पाहावं?

ताई, जे झालं ते वाचून फार वाईट वाटलं. सलाइन लावलेल्या पिल्लाजवळ रात्रभर बसलेल्या तुमच्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत, तेही वाचलं. तुमची बाजू मजबूत आहे, आणि ती मजबूत करणारा पुरावा बराचसा विक्रेत्यानेच तुम्हाला दिला आहे.

तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये त्याचा एक मेसेज आहे: ‘बर्थ डेट २० मार्च, बरोबर ४५ दिवसांचं होतंय, ४ मेला पाठवतो.’ तुम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडे पिल्लांच्या बहुतेक जाहिरातींत ‘४५ डेज’ हेच लिहिलेलं असतं. पण कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले आहेत, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही. विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लाच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप हवी, लसीकरण झालेलं हवं आणि त्याची नोंद खरेदीदाराला द्यायला हवी. ‘मी ब्रीडर नाही, मधला माणूस आहे’ ही पळवाटही चालत नाही, कारण ब्रीडरच्या व्याख्येत मध्यस्थ आणि व्यापारी दोघेही येतात. ही जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. ‘४५ दिवसांचं आहे हे तुम्हालाही माहीत होतं’ असं म्हणून तो ती तुमच्यावर ढकलू शकत नाही.

लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. लसीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं आहे, खाली पेनाने १२ एप्रिल अशी तारीख घातली आहे आणि एक गिचमिड सही आहे. डॉक्टरांचं नाव नाही, शिक्का नाही, पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नाही. २० मार्चला जन्मलेलं पिल्लू १२ एप्रिलला २३ दिवसांचं होतं. पार्व्होची पहिली लस साधारण सहा आठवड्यांच्या आसपास देतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती तोवर अंगात असल्याने त्याआधी दिलेली लस नीट लागू पडत नाही. तेव्हा ती लस दिलीच नव्हती, किंवा दिली असली तरी तिचा भरवसा नव्हता. दोन्हीपैकी काहीही खरं असो, ‘फुल्ली व्हॅक्सिनेटेड’ हा त्याचा शब्द खोटा ठरतो.

आता आजाराची वेळ पाहा. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. तुमच्याकडे पिल्लू ५ तारखेला सकाळी आलं आणि ७ च्या रात्री उलट्या लागल्या. घरात दुसरं कुत्रं नाही, पिल्लाला तुम्ही अंगणातही नेलं नव्हतं. म्हणजे आजार ते पुण्याहून घेऊन आलं असण्याचीच शक्यता जास्त. पण हे वाक्य तुम्ही म्हणून उपयोग नाही, ते डॉक्टरांनी लिहायला हवं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या: पहिल्या तपासणीची तारीख, तेव्हाची अवस्था, किटचा निकाल, दातांवरून अंदाजे वय आणि लागण केव्हा झाली असावी याबद्दल त्यांचं मत. शवविच्छेदन झालं नाही म्हणून खट्टू होऊ नका. किटवरच्या दोन रेघांचा फोटो तुमच्याकडे तारखेसह आहे, तो मोठा आधार आहे. आणखी एक मत हवं असेल तर महूचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. तिथल्या प्राध्यापकांना कागद दाखवून लेखी अभिप्राय मागता येईल.

आता पैशांचं. फौजदारी बाजूकडून फार आशा ठेवू नका. प्राण्याला क्रूरतेने वागवल्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हा आकडा आजही कायद्यात तसाच आहे आणि त्याची मला मनापासून चीड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते आणि ती लेखी द्याच, पोच घ्या. पण पिल्लू प्रत्यक्ष पोचलेलं असल्याने ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. तुमचा खरा रस्ता ग्राहक आयोगाचा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा आहे, कलम ३४ मध्ये. त्यामुळे तुम्ही पुण्याला जायचं नाही, त्याने इंदूरला यायचं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. एक अडचण मात्र खास आपली, मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांची: तुमचं चॅट मराठीत आहे आणि इंदूरच्या आयोगाचं कामकाज हिंदीत चालतं. महत्त्वाच्या मेसेजेसचा हिंदी अनुवाद आणि तो बरोबर असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाईल.

‘नो रिफंड’चं काय? सदोष माल परत घेऊन ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं याला या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. तक्रारीत हाच शब्दप्रयोग वापरा. ‘कराराची अट अन्यायकारक आहे’ असा मुद्दा मुख्य करू नका, कारण अन्यायकारक कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे, म्हणजे भोपाळला जातात.

तो ‘जिवंत प्राण्याची गॅरंटी नसते’ हे तिथेही म्हणणारच. त्यावर तुमचं उत्तर असं असावं: आम्ही पिल्लाच्या आयुष्याची हमी मागत नाही. विकायची परवानगी नसलेल्या वयात ते विकलं, लसीबद्दल खोटं सांगितलं आणि प्रवासाला लागणारा आरोग्य दाखला न घेताच ते पाठवलं, याची भरपाई मागतो. हा दाखला प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे लागतो. कुत्रं प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य आजार नाही असं पशुवैद्यकाने लिहून द्यायचं असतं, आणि दाखला नसेल तर वाहतूकदाराने नकार द्यायचा असतो. तुमच्या बिल्टीवर, म्हणजे बसवाल्याने दिलेल्या पार्सलच्या पावतीवर, तर मालाच्या रकान्यात ‘घरगुती सामान’ लिहिलं आहे. ती बिल्टी जिवापाड जपा. पाठवणाऱ्याचं नाव, नंबर आणि गाव तिच्यावरच आहे, आणि आयोगाची नोटीस बजावायला तोच पत्ता कामी येईल. बसवाल्यालाही सामनेवाला करावं का असं तुम्ही विचारलंत. माझं मत, नको. त्याचा वकील येईल, तारखा वाढतील आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. इन्स्टाग्रामलाही ओढू नका, पैसे तुम्ही थेट विक्रेत्याला दिले आहेत.

तो आणखी एक बचाव घेऊ शकतो: ‘मी व्यापारी नाही, घरच्या कुत्रीची पिल्लं होती.’ खरोखर एखाद्याने घरातलं एखादं पिल्लू दिलं असतं तर हा मुद्दा अडचणीचा ठरला असता. म्हणून आजच त्याच्या पेजवरच्या जुन्या-नव्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढा. वेगवेगळ्या जातींची पिल्लं, वेगवेगळ्या महिन्यांतल्या पोस्ट, ‘ऑल इंडिया डिलिव्हरी’ असं लिहिलेलं. नियमित धंदा आहे हे त्यातून दिसतं. चॅटही फोटो-व्हिडिओंसह एक्सपोर्ट करून ठेवा, कारण त्याने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केले तर हात चोळत बसावं लागेल. तो फोन निकाल लागेपर्यंत विकू नका, बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्याचा नमुना कायद्यातच दिला आहे.

आधी एक नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि त्याच्या व्हॉट्सअॅपवरही. पिल्लाचे २२,०००, भाड्याचे ४,५०० आणि उपचाराचे १४,६००, मिळून ४१,१०० रुपये पंधरा दिवसांत द्या, नाहीतर आयोगात जाऊ, एवढंच लिहा. तक्रारीत यावर मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च मागा, पण झेपेल इतकीच रक्कम मागा. पाच-दहा लाखांचा आकडा टाकला की मागणीचं गांभीर्यच जातं. निकाल लागायला कायद्यात तीन ते पाच महिने दिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे मनात धरून चाला. आदेश होऊनही त्याने पैसे दिले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बरेच विक्रेते तिथवर येऊ देत नाहीत, नोटिशीनंतरच तडजोडीला तयार होतात.

दुसऱ्या पिल्लाबद्दल मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. ते स्वीकारलंत की ‘यांचं समाधान झालं’ असं तो आयोगापुढे सांगेल. त्याहून मोठं कारण असं की पार्व्होचा विषाणू फरशीवर, गादीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. त्याच घरात पुन्हा एक लस न झालेलं ४५ दिवसांचं पिल्लू आणायचं म्हणजे त्याला जाणूनबुजून आजाराच्या तोंडी द्यायचं. आणि ते येणार कुठून? जिथे पहिलं आजारी पडलं त्याच जागेतून. मुलीला समजवा. घर ब्लीचच्या पाण्याने डॉक्टर सांगतील तसं स्वच्छ करा आणि पुढचं कुत्रं आणायचं तेव्हा लसीकरण पूर्ण झालेलंच आणा. विक्रेत्याला लेखी कळवा की बदली पिल्लू मंजूर नाही, पैसेच हवेत.

हे सगळं लोकांसमोर लिहिलंत तर बदनामीचा दावा लावीन अशी धमकी विक्रेत्याने दिली आहे म्हणता. जे सिद्ध करता येईल ते लोकहितासाठी सांगणं ही बदनामी होत नाही. पिल्लू किती दिवसांचं पाठवलं, कोणत्या तारखेला आजारी पडलं, पैसे परत दिले नाहीत, एवढं जरूर लिहा. ‘चोर’, ‘खुनी’ असे शब्द आणि त्याच्या घरच्यांचे फोटो टाकू नका.

आता देवासच्या जाऊबाई. त्यांनी पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याला प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारावा. केनेल क्लबचा कागद दाखवला तर तो जातीच्या वंशावळीचा असतो, विक्रीची परवानगी नव्हे. ही गल्लत फार जण करतात. पिल्लू आईजवळ असताना प्रत्यक्ष जाऊन पाहावं. ते जमलंच नाही तर व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लू एकत्र दाखवायला सांगावं, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नये. कार्डावरच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावावा. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. आणि पैसे घेतल्यावर ‘विमानतळावर अडकलंय, इन्शुरन्स भरा, पिंजऱ्याचे द्या’ असे फोन सुरू झाले तर बहुधा पिल्लू मुळात नसतंच. तेव्हा आणखी एक रुपयाही न देता त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे बँकेत अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.

जातिवंतच हवं असा हट्ट नसेल तर आपल्या मोहल्ल्यातली देशी पिल्लंही घराची वाट पाहत असतात, हे जाऊबाईंना माझ्यातर्फे सांगा. हवंच असेल तर ५६ दिवस पूर्ण झालेलं, चिप असलेलं आणि बिलासकट घ्यावं. यातल्या एकाही गोष्टीला विक्रेता ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणाला, तर तिथून काही घेऊ नये.