वाचक विचारतात : राग 'चढतो' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : 'राग गिळला', 'पारा चढला' ही भाषेची नुसती सजावट, की आपण रागाचा विचारच तसा करतो? हे तपासायचं कसं?

उत्तर : सजावट म्हणून सोडून देता येत नाही, कारण हे प्रयोग सुटे नाहीत. राग उसळतो, दाबून ठेवावा लागतो, नाहीतर माणूस फुटतो. तळपायाची आग मस्तकाला जाते. सगळीकडे अंग म्हणजे भांडं आणि राग म्हणजे आत तापत वर चढणारं काहीतरी. भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी १९८० मध्ये अशा जाळ्यालाच, म्हणजे एका गोष्टीचा विचार दुसरीच्या रूपात करण्याला, संकल्पनात्मक रूपक म्हटलं. रागात अंग खरोखर तापतं, तेव्हा हे हवेतून आलेलं नाही.

तपासायला प्रॅगलजॅझ या रूपक-अभ्यासकांच्या गटाची, उताऱ्यातले रूपकात्मक शब्द ओळखण्याची २००७ ची पद्धत वापरा. उतारा आधी पूर्ण वाचा, मग शब्दागणिक थांबा. 'गिळला'चा इथला अर्थ : व्यक्त होऊ दिला नाही. याच शब्दाचा आज वापरात असलेला, शरीराशी अधिक जवळचा अर्थ : घशाखाली उतरवला. दोन्ही वेगळे, तरी दुसऱ्यावरून पहिला कळतो. म्हणून त्या शब्दावर 'रूपक' अशी खूण करायची. बहुतेकजण फसतात ते व्युत्पत्तीत. संस्कृतात 'राग' म्हणजे रंगही, पण आज बोलणाऱ्याला तो अर्थ जाणवत नाही, म्हणून तिथे खूण नको. आणि 'आग पाखडली' भांड्यात बसत नाही. ओढूनताणून बसवूही नका.

व्याकरणाकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. 'मला राग आला' यात कर्ता राग, आणि ज्याला तो आला त्याला 'ला' लागतो; ताप, झोप, शिंक यांचीही तीच रचना. 'मुद्दाम' घालून बघा. 'मी मुद्दाम रागावलो' चालतं, 'मला मुद्दाम राग आला' कानाला खटकतं. म्हणजे वाक्याची रचनाच रागाला आपल्या ताब्याबाहेर ठेवते.

प्रश्न : मग भाषा वेगळी की विचारही वेगळा?

उत्तर : इतकं सरळ नाही. मँडरिन ही चिनी भाषा बोलणारे काळाचा विचार उभ्या दिशेने करतात, हा २००१ चा निष्कर्ष २००७ मधल्या फेरप्रयोगांत इतरांना मिळाला नाही. वाक्प्रचारांवरून विचार सिद्ध करायचा आणि त्याच विचारावरून वाक्प्रचार समजावायचे, हे गोल गोल फिरणं झालं. पुरावा भाषेबाहेरचाही हवा. न्युन्येझ आणि स्वीटसर या संशोधकांनी २००६ मध्ये तो हातवाऱ्यांत शोधला : आयमारा ही दक्षिण अमेरिकेतली भाषा बोलणारी वयस्क माणसं भूतकाळ सांगताना हात पुढे नेतात, भविष्य सांगताना खांद्यावरून मागे. म्हणजे भूतकाळ समोर, भविष्य पाठीमागे हा विचार त्यांच्या नुसत्या शब्दांत नाही, हातांतही दिसतो.