जानेवारीत लाहौलला पिकअप नेण्यासाठी ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचे) टायर कोणते घ्यावेत? की मड टायर जास्त चांगले?

मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे टायर, घेऊ नका. रुंद तर अजिबात नकोत.

तुम्ही लिहिलंय की गाडी फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतं अशी) पिकअप आहे, भुसावळहून निघून मनालीमार्गे हिमाचलातल्या लाहौलमध्ये, सिस्सू-केलाँगला जायचंय, आणि मित्र म्हणतोय की मोठ्या ठोकळ्यांचे रुंद मड टायर टाक, मग बर्फात कुठेच अडणार नाहीस. नसेल अडणार. पण बर्फात अडलेल्या गाडीचं काही बिघडत नाही हो. न थांबणाऱ्या गाडीचं बिघडतं.

आमचं सावद्याला केळीचं ट्रान्सपोर्ट आहे. वडिलांच्या काळापासून गाड्या दिल्ली-पंजाब-जम्मूला जातात, आणि हिवाळ्यात रस्ता चालू असला तर बनिहाल ओलांडून श्रीनगरलाही. ट्रकवाला म्हणजे स्वस्तातला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) शोधणारा माणूस, असं शहरातल्या लोकांना वाटतं. वडिलांचा नियम होता की पुढच्या एक्सलला रिमोल्ड चालणार नाही, मग भाडं परवडो न परवडो. गाडी उत्तरेकडे निघायची असली की ते स्वतः खाली बसून एकेक टायर हाताने चाचपायचे. गोटा झालेला, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला टायर घेऊन घाट चढता येतो, उतरता येत नाही, हे आम्हाला कुणा व्हिडिओवाल्याने शिकवलेलं नाही.

आता टायरचं. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडायला लागते, म्हणून थंडीत आम्ही माल ताडपत्री आणि पेंढ्याने झाकून नेतो. टायरच्या रबराचंही तसंच आहे, फक्त त्याचा आकडा साधारण ७ अंश. उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं रबर त्याच्या खाली कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. जळगावला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ७-८ वर येतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रस्ता कोरडा असतो आणि दहा वाजता ऊन पडतं. लाहौलमध्ये दिवसभर शून्याच्या आसपास आणि रात्री त्याच्या कितीतरी खाली असतं. तिथे टायर कसा दिसतो याला किंमत नाही, रबर कुठलं आहे याला आहे.

ते ओळखायचं कसं? टायरच्या बाजूवर बघा. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक ऑल-टेरेनवर असतं. ते कंपनी स्वतःच छापते. खाचा मोठ्या आहेत एवढाच त्याचा अर्थ, त्यासाठी बर्फात टायर चालवून दाखवावा लागत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. ही चाचणीनंतरच मिळते. मूळ अमेरिकन चाचणीत दाबलेल्या बर्फावर त्या टायरची पकड ठरलेल्या नमुना टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त भरावी लागते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसता ‘एम प्लस एस’वाला टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत, डोंगराची खूणच लागते. दुकानदार म्हणेल, “साहेब, दोन्ही एकच.” एकच नाहीत. त्याला टायर उभा करायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बीएफ गुडरिचचा केओ २ किंवा योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी ०१५ यांची नावं तुम्हाला लोक सांगतील. चांगले टायर आहेत, पण एकाच मॉडेलच्या प्रत्येक साइजवर ती खूण असेलच असं नाही. म्हणून नावावर जाऊ नका, खुणेवर जा.

मड टायरबद्दल माझं काही वैर नाही. केळीच्या बागेत पाणी सुटलेलं असताना आपल्या काळ्या मातीतून घड भरलेली गाडी काढायची असेल, तर त्याच्यासारखा टायर नाही. तो बनवलाच त्यासाठी आहे: ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, म्हणजे फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. बर्फात नेमकं उलटं पाहिजे. बर्फ खाचेत बसून राहायला हवा, कारण बर्फाला बर्फ चांगला धरतो. शिवाय ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा हव्यात. त्या चिरांच्या कडा दाबलेल्या बर्फाला चावतात. मड टायरच्या ठोकळ्यावर हात फिरवून बघा, गुळगुळीत लागेल. एखाददुसरी चीर असली तर असली. भुसभुशीत, खोल, ताज्या बर्फात तो उकरत पुढे जाईल, हे मान्य. पण तुम्ही ज्या रस्त्याने जाणार आहात तिथे ताजा बर्फ तासाभरात गाड्यांखाली दाबून फरशी होतो.

हे सगळं मी माझ्या साडूभाऊंना आधी सांगितलं होतं. ते पुण्याला असतात, मोठ्या कंपनीत आहेत, वाचनही भरपूर. जानेवारीत दोन गाड्या घेऊन आम्ही दोन्ही कुटुंबं मनालीला निघालो. त्यांनी मड टायर टाकले, तेही कंपनीच्या साइजपेक्षा मोठे. मी माझ्या पिकअपला खुणेचे ऑल-टेरेन टाकले, कंपनीच्याच साइजमध्ये. मागच्या हौद्यात, बरोबर मागच्या एक्सलवर येतील अशा, तापीच्या वाळूच्या गोण्या ठेवून दोरखंडाने आवळल्या. पिकअप रिकामी असली की मागची चाकं हलकी पडतात आणि घसरायला तीच आधी निघतात, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. साडूभाऊ म्हणाले, “हिमालयात वाळू विकायला चाललात का?” मी तेव्हा काही बोललो नाही.

जाताना सगळं छान झालं. सोलंगच्या पुढे नाक्यावर पोलिसांनी फोर बाय फोर आहे ना एवढं पाहिलं आणि सोडलं. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत रस्ता कोरडा. पलीकडे सिस्सूला पोरं बर्फात खेळली, सगळ्यांनी मॅगी खाल्ली. परत यायला चार वाजून गेले. बोगद्यातून मनालीकडच्या तोंडाला, धुंदी गावाच्या बाजूला बाहेर पडलो तेव्हा त्या उतारावरचं ऊन गेलेलं होतं. दुपारी वितळलेलं पाणी सावलीत पुन्हा गोठायला लागलं होतं. रस्ता ओला दिसत होता, पण चाकांखाली पाण्याचा आवाज नव्हता. ओल्या रस्त्यावर टायर सूं-सूं करतो. तो आवाज बंद झाला की समजायचं, खाली काच आहे. मी दुसरा गिअर टाकला आणि अंतर वाढवलं. साडूभाऊ पुढे होते.

वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. चारही चाकं थांबल्यासारखी दिसली, गाडी मात्र तशीच सरळ निघाली, अगदी सावकाश, कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखी. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं मला मागून दिसत होतं आणि गाडी वळत नव्हती. रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला मशीनने लोटलेल्या बर्फाची भिंत होती, तिच्यात जाऊन ती थांबली. तीच चूक दरीच्या बाजूला झाली असती तर? त्या गाडीत माझी मेहुणी आणि तिची दोन मुलं होती. माझी गाडी थांबली, थोडी सरकून, पण थांबली.

बर्फात टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या त्यांच्याकडे होत्या. सामानाच्या तळाशी, पाकीटही न फोडलेल्या. काढून बघितल्या तर वाढवलेल्या टायरवर बसेनात, आणि ओढून बसवल्या असत्या तरी मडगार्डला घासल्या असत्या. मग माझ्या गोण्या सोडल्या. एका स्थानिक टॅक्सीवाल्याने फावडं दिलं आणि आम्ही त्यांच्या चाकांपुढे वाळू पसरत पसरत गाडी वळणाच्या खाली आणली. तो टॅक्सीवाला टायरकडे बघून एवढंच म्हणाला, “ये तो कीचड़ का टायर है, साहब.”

इथपर्यंत झालं ते झालं. घाटात कुणाच्याही हातून होऊ शकतं. पण दर हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत असतो, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घातली की सगळे नातेवाईक गोल करून बसतात, आणि साडूभाऊ हीच गोष्ट सांगतात. शेवट त्यांचा ठरलेला: “फोर बाय फोर होती म्हणून वाचलो.” मी दरवेळी सांगतो, ऐकून कुणी घेत नाही. म्हणून इथे लिहितो. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, पाच लाखांच्या गाडीलाही. फोर बाय फोर गाडीला पुढे खेचते, चढ चढवते, अडकलेली बाहेर काढते. थांबवायचं काम टायर करतो. उतारावर लो गिअरमध्ये इंजिनचा रोध चारही चाकांवर वाटला जातो, एवढा फायदा मी मान्य करतो. पण तेव्हा साडूभाऊ त्या गिअरमध्येही नव्हते. वाचवलं ते बर्फाच्या भिंतीने आणि त्यानंतर तापीच्या वाळूने. फोर बाय फोरमुळे फक्त एवढं झालं, की नाक्यावर कुणी साखळी लावायला सांगितलं नाही.

आता मित्र म्हणतोय त्या रुंदीबद्दल. कंपनीने दिलेली साइज ठेवा, दोन पर्याय असतील तर अरुंद घ्या. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद वर तरंगतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीपेक्षा कमी नको: ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०. चारही टायर एकाच मॉडेलचे पाहिजेत. पुढे एक आणि मागे दुसरा असं केलंत तर वळणावर मागची बाजू पुढे येऊ शकते. बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. गोडाऊनमध्ये पडून राहिलेलं रबर नवं म्हणून खपवतात. कायद्याने १.६ मिलिमीटर ग्रिप (खाचांची खोली) चालते, पण बर्फात ४ च्या खाली गेलेला टायर नेऊच नका. ऑस्ट्रियात हिवाळ्यासाठी कायदाच ४ मिलिमीटरचा आहे.

हवेचं लोक फार गणित मांडतात. थंडीत दर १० अंशांना दीड-दोन पॉइंट (पीएसआय) हवा कमी होते, तर उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे गेज थोडं जास्त दाखवतं. म्हणून हिशेब सोडा, स्वतःचं गेज ठेवा आणि सकाळी गाडी हलवण्याआधी थंड टायरवर मोजून कंपनीने सांगितल्याइतकी भरा. बर्फात हवा सोडायची, हा वाळवंटातला सल्ला आहे. दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावर तो पाळू नका.

साखळ्या घ्याच, खुणेचे टायर असले तरी. ती डोंगराची खूण दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची आहे, काचेसारख्या बर्फाची हमी ती देत नाही. तिथे साखळीशिवाय कुठलाही रबरी टायर घसरतोच, माझाही. साखळ्या लावायची सवय घरी, खळ्यात, उजेडात करा. हातमोजे घालून करा, कारण तिथे उघड्या हाताने लोखंड धरवणार नाही. कुठल्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघा.

आणि हेही सांगायला हवं, की वर्षातून एकदाच बर्फात जायचं असेल आणि बाकी वर्षभर भुसावळ-जळगाव हायवेच करायचा असेल, तर ऑल-टेरेनचा आवाज आणि डिझेलचा खर्च तुम्हाला टोचेल. मग मनालीपर्यंत आहे त्या टायरवर जा (ते गोटा झालेले नसतील तर), साखळ्या जवळ ठेवा, आणि पुढे सिस्सू-केलाँगला तिथल्या ड्रायव्हरची गाडी करा. चार नव्या टायरच्या किमतीपुढे ते भाडं काहीच नाही. यात कमीपणा मानू नका. आमचे सावद्याचे ड्रायव्हरसुद्धा बनिहालजवळ बर्फ पडला की गाडी बाजूला लावून काश्मिरी ड्रायव्हर पुढे गेल्याशिवाय हलत नाहीत.

साडूभाऊ या जानेवारीत पुन्हा निघालेत, त्याच टायरवर. मेहुणीला मी स्पष्ट सांगितलंय, सोलंगच्या पुढे मुलं माझ्या गाडीत बसतील.